कामावर जाताना पेपर स्प्रे: निवड, हाताळणी आणि मर्यादा

आपला प्रश्न असा आहे की, लोकांच्या घरी जाऊन उपकरणांची तपासणी करण्याचे आपले काम आहे, कार्यालयात परतून नोंदी पूर्ण करून निघेपर्यंत अनेकदा रात्र होते, आणि अलीकडेच एका ग्राहकाने दार अडवून धमकावल्यापासून पेपर स्प्रे जवळ असावा असे आपल्याला वाटू लागले आहे. परंतु मिळणाऱ्या प्रकारांपैकी सर्वांत जहाल कोणता, तो बंद खोलीत मारता येतो का, आणि वरिष्ठांना न सांगता बाळगला तर चालेल का, याबाबत आपला निर्णय होत नाही. एकट्याने फिरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना हे साधन निवडण्याचे आणि हाताळण्याचे प्रशिक्षण मी अनेक वर्षे देत आलो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो. पेपर स्प्रेकडून एकच अपेक्षा ठेवावी: समोरच्या माणसाचे डोळे मिटलेले असतील तेवढ्या वेळात आपल्याला दारापर्यंत, जिन्यापर्यंत किंवा वाहनापर्यंत पोहोचता यावे. ही अपेक्षा पक्की केली की कोणता स्प्रे घ्यावा, तो कुठे ठेवावा आणि केव्हा अजिबात बाहेर काढू नये, हे बऱ्याच अंशी ठरत जाते. बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात तो जहालपणाचा प्रश्न त्यामानाने बराच मागे पडतो.

आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर मिळवल्याशिवाय खरेदी करू नये. पेपर स्प्रेबाबतचे कायदे देशोदेशी अगदी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये १९६८ च्या शस्त्र कायद्यानुसार सामान्य नागरिकाने तो बाळगणे हाच गुन्हा आहे. कॅनडात माणसांवर वापरण्यासाठी बनवलेला स्प्रे प्रतिबंधित शस्त्रांत मोडतो, तर जर्मनीत प्राण्यांपासून बचावासाठी अशी नोंद असलेला स्प्रे उघडपणे विकला जातो. अमेरिकेत डबीचा आकार, वयाची अट आणि विक्रीचे नियम राज्यागणिक बदलतात. जिथे कायदा परवानगी देतो, तिथेही मालकाचा नियम वेगळा असू शकतो. अनेक आस्थापना आपल्या आवारात कोणतेही शस्त्र आणण्यास मनाई करतात आणि त्या व्याख्येत पेपर स्प्रे बसतो. न सांगता बाळगलेला स्प्रे उद्या प्रत्यक्ष वापरावा लागला, तर हल्ल्याची चौकशी बाजूला राहून आपल्याच नियमभंगाची चौकशी सुरू होते, असे घडू शकते. म्हणून लेखी विचारणा करावी, उत्तर लेखी घ्यावे, आणि त्याच पत्रात त्या ग्राहकाच्या धमकीची नोंद तारीख, वेळ आणि ठिकाणासह करावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात ग्राहकांसारख्या त्रयस्थांकडून होणारी हिंसा आणि कामावर जाण्या-येण्याच्या वाटेवरची हिंसा या दोन्हींचा विचार केलेला आहे. आपल्या देशाने तो करार मान्य केलेला असो वा नसो, त्या घरी पुन्हा एकट्याने न पाठवण्याची मागणी पूर्णपणे रास्त आहे. सोबतीला सहकारी देणे, भेटीची वेळ दिवसाची ठेवणे, आत जाताना आणि बाहेर पडताना कार्यालयाला फोन करण्याची पद्धत लावणे, यांतली प्रत्येक गोष्ट स्प्रेपेक्षा अधिक संरक्षण देते, आणि मालकाने ती टाळून केवळ एक डबी हातात ठेवली तर त्यावर समाधान मानू नये.

आता स्प्रे नेमके काय करतो ते पाहू. त्यातील मुख्य घटक म्हणजे तिखट मिरचीचा तेलकट अर्क; वेष्टनावर तो ओलिओरेझिन कॅप्सिकम किंवा ओसी या नावाने लिहिलेला असतो. या अर्कातील कॅप्सेसिन आणि त्याची भावंडे असलेली संयुगे मज्जातंतूंच्या टोकांवरील टीआरपीव्ही-१ या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला चिकटतात. हेच प्रथिन चटका देणाऱ्या उष्णतेलाही प्रतिसाद देते, म्हणून त्वचा प्रत्यक्षात भाजलेली नसतानाही भाजल्याची जाणीव होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे प्रथिन ओळखले आणि त्या संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वेदनेच्या जोडीला दाहही होतो: पापण्या आपोआप घट्ट मिटतात, नाक-घशाचे अस्तर सुजते, खोकल्याची उबळ येते आणि श्वास आखडतो. साधारणपणे हा परिणाम अर्धा ते पाऊण तास जोरदार राहतो आणि नंतर ओसरत जातो. सीएन आणि सीएस हे जुने अश्रुधुराचे पदार्थ मुख्यतः वेदना आणि अश्रू यांवर भिस्त ठेवतात, त्यामुळे दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वेदनाच जाणवत नसलेल्या माणसावर त्यांचा परिणाम अपुरा पडू शकतो. पापण्या सुजून मिटणे मात्र माणसाच्या सहनशक्तीवर फारसे अवलंबून नसते. म्हणून वैयक्तिक वापरासाठी मी नेहमी केवळ ओसी असलेला स्प्रे सुचवतो. तरीही हे ध्यानात ठेवावे की काही माणसे झोत बसल्यावरही पुढे येत राहतात, आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांच्यावरही तो क्वचितच त्याच क्षणी पूर्ण होतो.

वेष्टनावरचे आकडे वाचताना सावध राहावे. ओसीची टक्केवारी म्हणजे डबीत अर्क किती आहे एवढेच. तो अर्क किती तिखट आहे हे ती सांगत नाही, त्यामुळे १० टक्के सौम्य अर्कापेक्षा २ टक्के कडक अर्क अधिक झोंबणारा असू शकतो. दुसरा आकडा लाखांच्या घरातला स्कोव्हिल एकक असतो. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली मिरचीचा तिखटपणा चवीने मोजण्यासाठी काढलेली ही मोजणी आहे, आणि वेष्टनावर पुष्कळदा मूळ अर्काचा आकडा छापलेला असतो, डबीतून बाहेर येणाऱ्या मिश्रणाचा नव्हे. विश्वास ठेवावा असा आकडा तिसरा: मुख्य कॅप्सेसिनॉइडांचे, म्हणजे कॅप्सेसिन आणि त्याच्या भावंड संयुगांचे, एकूण मिश्रणातील प्रमाण. माणसांपासून बचावासाठीच्या स्प्रेमध्ये ते साधारण ०.१८ ते १.३३ टक्क्यांदरम्यान असते. हा आकडा जो उत्पादक छापतच नाही, त्याचा स्प्रे मी घेत नाही. ०.७ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर मात्र आकड्यांची चढाओढ सोडून द्यावी, कारण त्यानंतर निकाल ठरवते ती नेमकी डोळ्यांवर बसलेली धार. अस्वलांसाठीचा स्प्रे अधिक तीव्र असतो म्हणून तो घेण्याचा विचार काही जण करतात. त्याची डबी मोठी असते, तो ढगासारखा दूरवर पसरण्यासाठी बनवलेला असतो आणि माणसावर त्याचा वापर अनेक ठिकाणी कायद्याने वर्ज्य आहे, म्हणून तो आपल्या कामाचा नाही.

खरी निवड करायची आहे ती झोताच्या प्रकाराची, आणि ती करताना आपण कुठे उभे असणार याचा विचार करावा. धुक्यासारखा किंवा शंकूच्या आकाराचा फवारा नेम फारसा न धरताही चेहऱ्यावर बसतो आणि श्वासातून लगेच आत जातो, हा त्याचा मोठा गुण. पण तो २ ते ३ मीटरपलीकडे जात नाही, समोरून वारा असेल तर आपल्याच डोळ्यांत येतो, आणि बंद खोलीत मारला तर खोलीतल्या प्रत्येकाला, मारणाऱ्यासह, खोकत बाहेर पडावे लागते. वातानुकूलन चालू असेल तर तो शेजारच्या खोल्यांतही पोहोचतो. पातळ द्रवाची सरळ धार ३ ते ४ मीटर जाते, वाऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि आसपास कमी पसरते. तिला नेम मात्र लागतो, आणि हल्ल्याच्या वेळी हात कापत असताना नेम धरणे सरावाशिवाय जमत नाही. जेल हा धारेचाच घट्ट प्रकार आहे. तो त्याहून थोडा दूर जातो, जिथे पडतो तिथे चिकटून राहतो, हवेत जवळजवळ तरंगत नाही, आणि समोरचा माणूस पुसू गेला तर डोळ्यांत अधिकच पसरतो. त्याची उणीव अशी की श्वासावरचा परिणाम कमी असतो आणि घट्टपणामुळे डोळ्यांवरचा परिणाम सुरू व्हायला एखाद-दोन क्षण अधिक लागू शकतात; चेहरा चुकला तर तो जवळजवळ वायाच जातो. फेस हा चौथा प्रकार, पण त्याचा पल्ला कमी असल्याने मी तो सुचवत नाही.

आपले काम लोकांच्या घरांत, अरुंद खोल्यांत आणि जिन्यांत चालते, म्हणून आपल्यासाठी जेल योग्य. ज्यांचा धोका मुख्यतः उघड्या वाहनतळावर किंवा रस्त्यावर आहे त्यांनी सरळ धार घ्यावी. रुग्णालय, शाळा, दुकान किंवा गर्दीचे कार्यालय यांत धुक्याचा प्रकार असूच नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे दम्याचे रुग्ण, लहान मुले आणि वृद्ध असतात, आणि एका माणसाला रोखताना त्यांचा श्वास कोंडणे कोणत्याही सबबीखाली समर्थनीय ठरत नाही.

एक बाब वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते, ती चुकवू नये. काही स्प्रेंमध्ये अर्क विरघळवण्यासाठी अल्कोहोल किंवा ज्वलनशील वायू वापरलेला असतो. विजेचा धक्का देणारे उपकरण, वेल्डिंगची ठिणगी किंवा पेटलेली शेगडी जवळ असेल तर असे मिश्रण पेटू शकते. आपण उपकरणांच्या तपासणीसाठी स्वयंपाकघरातही जात असणार, तेव्हा अज्वलनशील असा स्पष्ट उल्लेख असलेलाच स्प्रे घ्यावा. घरी मिरचीपूड पाण्यात कालवून बाटलीत भरण्याचा उपाय मात्र पूर्णपणे टाळावा. पूड नळीत अडकते, पुरेसा दाब नसल्याने धार दूर जात नाही, आणि गरजेच्या क्षणी हातात निरुपयोगी बाटली उरते.

डबीचा आकार हाताच्या मापाने ठरवावा. किल्लीच्या साखळीला लावायची सुमारे १५ मिलीलिटरची डबी बहुतेकांना पुरते. तिच्यातून काही मोजकेच छोटे झोत निघतात, पण आपल्याला त्याहून जास्त लागणे म्हणजे आपण तिथे गरजेपेक्षा जास्त थांबलो आहोत. कळ उघडण्याची रचना विकत घेण्याआधी डोळे मिटून, आणि शक्य असल्यास हातमोजा घालून, तपासून पाहावी. अंगठा आत सरकवून दाबायची झाकणाची रचना मला अधिक भरवशाची वाटते, कारण चार बोटांनी डबी मुठीत घट्ट धरली जाते आणि समोरच्याने हिसकावली तरी सहज सुटत नाही. फिरवून उघडण्याच्या प्रकारात ताणाखाली ती अर्धवट फिरून अडकते, असे मी प्रशिक्षणात अनेकदा पाहिले आहे. किल्लीला लावलेला स्प्रे गाडी सुरू केल्यावर किंवा दाराला किल्ली लावल्यावर हातातून जातो, म्हणून झटक्यात वेगळी होणारी कडी असावी. पिशवीच्या तळाशी, छत्री आणि डब्याच्या खाली ठेवलेला स्प्रे नसल्यासारखाच आहे. ज्या हाताने तो वापरायचा त्याच बाजूच्या खिशात किंवा पट्ट्याला तो रोज, एकाच जागी असावा, आणि रात्री वाहनापर्यंत चालत जाताना तो हातात धरलेला असावा. त्या वेळी फोन दुसऱ्या हातात असला तरी नजर त्यात नसावी.

वापराबाबत सर्वांत महत्त्वाचे काम घरात पाऊल टाकताना करायचे असते. बाहेर पडण्याचा दरवाजा कोणता आणि तो आतून कसा उघडतो हे पाहून ठेवावे, काम करताना त्या दरवाजाच्या आणि यजमानाच्या मध्ये आपण राहू अशी जागा निवडावी, आणि यजमान दाराला कडी घालू लागला तर काम तसेच सोडून निघावे. नुसत्या आरडाओरड्यावर किंवा अपमानावर स्प्रे काढू नये. तो केवळ तेव्हाच काढावा, जेव्हा शारीरिक हल्ला होत आहे किंवा होण्याच्या बेतात आहे असे वाजवीपणे वाटते आणि निघून जाण्याची वाट बंद आहे. काढला तर धमकी देत हवेत नाचवू नये. मोकळा हात पुढे धरून अंतर राखावे, मोठ्या आवाजात एकच स्पष्ट वाक्य, "मागे हो", असे म्हणावे, आणि तरीही तो आला तर अर्धा ते एक सेकंदाचा झोत डोळ्यांच्या रेषेत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा फिरवावा. झोत सोडताच जागच्या जागी उभे न राहता बाजूला सरकावे, कारण डोळे मिटलेला माणूसही आधी पाहिलेल्या दिशेने झेप घेतो. मग परिणाम झाला की नाही हे न्याहाळत न थांबता निघावे. एक मीटरपेक्षा कमी अंतरावरून थेट डोळ्यांत झोत मारणे, जिवावर बेतलेले नसेल तर, टाळावे. दाबाने सुटलेला द्रव इतक्या जवळून बुबुळाला कायमची इजा करू शकतो. बंद वाहनात तो मारू नये. समोर बंदूक असेल आणि मागणी पैशांची असेल तर पैसे देऊन टाकावेत.

कुत्र्यांचा प्रश्न आपण विचारला नाही, पण घरोघरी फिरणाऱ्यांना माणसांपेक्षा कुत्र्यांचाच सामना अधिक करावा लागतो. अमेरिकेतील टपालवाटप करणारे कर्मचारी मिरचीच्या अर्काचा सौम्य फवारा याच कारणासाठी बाळगतात. कुत्र्याच्या नाका-डोळ्यांवर तो सहसा लवकर काम करतो, पण त्याआधी पिशवी किंवा फळी मध्ये धरून हळूहळू मागे सरकणे हा उपाय करून पाहावा.

काही माणसांवर हे साधन वापरूच नये. भ्रम झालेला रुग्ण, स्मृतिभ्रंश असलेली वृद्ध व्यक्ती, अल्पवयीन मूल, सहकाऱ्याशी झालेले भांडण, यांत स्प्रेला जागा नाही. शुश्रूषा किंवा मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी त्याऐवजी शांत करण्याच्या पद्धती, मदतीची घंटा आणि सुरक्षित अंतर यांचे प्रशिक्षण मालकाकडे मागावे. झोत बसून कोसळलेल्या माणसाला पालथे दाबून धरणे तर फारच धोक्याचे आहे, कारण त्याचा श्वास आधीच आखडलेला असतो.

सरावाशिवाय हे सर्व कागदावरच राहते. बरेच उत्पादक तशाच मापाची, पण केवळ पाणी भरलेली सरावाची डबी विकतात. ती खरी डबी घेतानाच घ्यावी. नेहमीच्या खिशातून काढणे, कळ उघडणे, आवाज देणे, झोत सोडणे आणि बाजूला सरकणे ही साखळी महिन्यातून एकदा तरी, कामाच्याच कपड्यांत, करून पाहावी. प्रशिक्षणार्थीच्या डोळ्यांत खरा स्प्रे मारून त्याला अनुभव देण्याची पद्धत सुरक्षा दलांत आहे. सामान्य कर्मचाऱ्यांवर ती सक्तीने लादू नये, असे माझे मत आहे. त्यातून शिकण्यासारखे थोडे आणि दमा किंवा डोळ्यांचा आजार असलेल्याला अपाय होण्याची शक्यता मोठी. खरा स्प्रे नवा घेतल्यावर मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून, क्षणभर दाबून तो चालतो एवढे पाहावे. वापराची मुदत सहसा २ ते ४ वर्षे असते. मुदतीनंतर मिरचीचा अर्क टिकला तरी दाब उतरलेला असतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डबी ठेवू नये, कारण सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पुढे ती गळू किंवा फुटू शकते, आणि कडाक्याच्या थंडीत तिचा दाब घटतो. कामासाठी विमानप्रवास असेल तर ती हातातल्या सामानात नेता येत नाही. ताब्यात द्यायच्या सामानातही पुष्कळ विमान कंपन्या ती स्वीकारत नाहीत.

प्रसंग घडून गेल्यावर आधी सुरक्षित जागी पोहोचावे आणि पोलिसांना स्वतःहून फोन करावा. काय झाले, कुठे झाले, आपण पेपर स्प्रे वापरला आहे आणि त्या माणसाला वैद्यकीय मदत लागू शकते, एवढे सांगावे. थोडा अंश आपल्याही चेहऱ्यावर आला असणार असे गृहीत धरावे. मोकळ्या हवेत यावे, डोळे चोळू नयेत, पापण्यांची उघडझाप करत राहावे, डोळ्यांत लेन्स असतील तर स्वच्छ हातांनी काढून टाकून द्याव्यात, आणि भरपूर गार पाण्याने धुवावे; त्वचेवरचा तेलकट थर साबणाने निघतो. क्रीम किंवा तेल लावू नये. दूध लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दूध, पाणी, बाळांचा शाम्पू, आम्लपित्तावरचे द्रव औषध आणि बधिरता आणणारे जेल यांची स्वयंसेवकांवर तुलना केली गेली, आणि वेदना कमी करण्यात त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. उतार पडतो तो वेळ जाईल तसा. दूध निर्जंतुक नसल्याने डोळ्यांसाठी पाणीच बरे. श्वास लागणे थांबत नसेल, आधीपासून दमा असेल, किंवा काही तासांनंतरही डोळ्यांत खुपत असेल अथवा अंधुक दिसत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्या खोलीची दारे-खिडक्या उघडून, वातानुकूलन बंद ठेवून, हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पृष्ठभाग पुसायला घरमालकाला सांगावे. कपडे वेगळे धुवावेत.

त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, घटनेचा क्रम स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा: तो काय म्हणाला, किती अंतरावर होता, दरवाजा कुठे होता, आपण काय बोललो, किती झोत सोडले. वापरलेली डबी फेकू नये. पोलिसांनी मागितली तर ती पुरावा म्हणून लागते. परत मिळाली तरी ती पुन्हा खिशात ठेवू नये, कारण प्रत्यक्ष वापरानंतर आत किती दाब उरला आहे हे बाहेरून कळत नाही. तिला भोक पाडू नये, आगीत टाकू नये. घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात ती जमा करावी, आणि नवी डबी हातात येईपर्यंत एकट्याने कोणाच्या घरी भेटीला जाऊ नये.